आजोबांच्या वस्तऱ्यातली पांढरी पूड

गेल्या उन्हाळ्यात मुरुडचे एक निवृत्त गुरुजी रक्तदाब दाखवायला दवाखान्यात आले होते. रक्तदाब बरा निघाला. मी चिठ्ठी लिहीत होतो, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, हे बघा. आमच्या आज्जाच्या धोकटीतला वस्तरा. माळ्यावर ट्रंकेत सापडला. लई गंजला होता, महिनाभर घासायलोय."

वस्तरा खरोखर देखणा होता. शिंगाची काळपट मूठ, रुंद पातं आणि पात्याच्या मानेवर अर्धवट पुसलेली इंग्रजी अक्षरं. त्यातलं 'शेफील्ड' एवढं वाचता येत होतं. गुरुजींचे आजोबा बलुतेदारीच्या काळात गावकी करायचे. त्या धोकटीतली कात्री, नराणी, चिमटा कुठं कुठं गेलं, पण वस्तरा राहिला. तो नीट करून, काचेच्या पेटीत घालून भिंतीवर लावायचा असं त्यांच्या मनात होतं. "पात्याचा गंज निघाला," ते म्हणाले, "पण ह्या मुठीच्या टोकाला पांढरी बुरशी चढलीय. पॉलिश पेपरनं काढली तरी चार दिवसांत परत येती. नातू बाजूलाच बसतो बघत. चार वर्षांचा आहे, त्याला लई नवल वाटतंय."

मी वस्तरा खिडकीजवळ नेऊन पाहिला. ती बुरशी नव्हती. मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधे, शेवटच्या टोकाला, एक करड्या रंगाची पाचर होती आणि तिच्यावर पांढरी पूड आली होती. पाचर शिशाची होती. महिनाभर ओसरीवर कोरड्या पॉलिश पेपरनं उडवली जात होती ती शिशाची पूड. आणि चार वर्षांचं पोर शेजारी बसलेलं होतं.

त्या दिवशी गुरुजींना जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो. जुन्या वस्तू नीट करण्याचा नाद आता बऱ्याच जणांना लागला आहे. तो नाद चांगलाच आहे. पण या शिशाचा इतिहास माहीत असल्याशिवाय त्यातला धोका कळत नाही.

शेफील्ड हे इंग्लंडमधलं पोलादाचं गाव. अठराव्या शतकात, १७४० च्या आसपास, तिथं बेंजामिन हंट्समन या घड्याळ बनवणाऱ्या माणसानं मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. त्या पोलादाला जी धार लागायची ती आधीच्या पोलादाला लागत नसे. पुढची दीडशे वर्षं चाकू, कात्र्या आणि वस्तरे म्हटलं की शेफील्ड, अशी ख्याती झाली. नंतर जर्मनीतलं झोलिंगन गाव स्पर्धेला आलं. हा माल मुंबईच्या बंदरात उतरून देशभर जायचा. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आधी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. मुरुड त्याच वाटेवर. गुरुजींच्या आजोबांचा वस्तरा याच गाडीनं आला की हैदराबादेहून कुणी आणून दिला, हे घरात कुणाला ठाऊक नाही. गुरुजींना मात्र गाडीचीच गोष्ट आवडते, आणि मीही ती मोडत नाही.

आता मूठ. वस्तऱ्याच्या मुठीला दोन पट्ट्या असतात. शिंग, हाड, हस्तिदंत, पुढं पुढं सेल्युलॉइड. दोन्ही पट्ट्या दोन टोकांना खिळ्यांनी जोडलेल्या. एका टोकाला पातं फिरतं. दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमधे थोडं अंतर राहावं म्हणून एक लहानशी पाचर घालतात, नाहीतर पातं मिटताना पट्ट्यांना घासेल. ही पाचर कधी शिंगाची, कधी हाडाची, तर कधी शिशाची. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वस्तऱ्यांत शिशाची पाचर बरीच आढळते. कारागिराच्या दृष्टीनं शिसं सोयीचं होतं. मऊ, हवा तसा उतार देता येतो, खिळा ठोकला तरी तडकत नाही, आणि वजनदार असल्यामुळं पात्याचा तोल सांभाळतं. हाताला वस्तरा 'बसतो' म्हणतात तो त्या वजनामुळं.

त्याच शेफील्डमध्ये शिशानं माणसं कशी मोडली हे मी वैद्यकीय इतिहास वाचताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं. वस्तरा बनवणाऱ्यांची नाही, कानस बनवणाऱ्यांची ती गोष्ट आहे. कानशीचे दाते तेव्हा हातानं, छिन्नी आणि हातोड्यानं एक एक करून पाडत. एका बाजूचे दाते पाडून झाले की कानस उलटी करायची. खाली लोखंडी ऐरण असेल तर आधीचे दाते बोथट होणार. म्हणून कानशीखाली शिशाची मऊ गादी ठेवायचे. दिवसभर हातोडा बसायचा, शिशाची बारीक धूळ उडायची. छिन्नी घसरू नये म्हणून कारागीर बोट आणि अंगठा जिभेला लावून ओला करायचे, आणि काम करता करता तिथंच भाकरतुकडा खायचे. काही वर्षांत पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, चेहरा फिका, आणि मग मनगट लोंबायला लागायचं. हात पुढं केला की पंजा खाली पडायचा, वर उचलता यायचा नाही. ज्या हातावर पोट, तोच हात गेला.

शिशाच्या विषबाधेत मनगट लोंबतं याचं कारण असं की शिसं मोठ्या माणसांत हालचालीच्या नसांना धरतं आणि मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची नस त्यात आधी सापडते. हे आजही वैद्यकीय परीक्षेत विचारतात. कानसवाल्यांचा उल्लेख मात्र कुणी करत नाही.

ब्रिटनमध्ये १८९५ साली कायदा झाला की कारखान्यात शिशाची विषबाधा दिसली तर डॉक्टरनं सरकारला कळवलंच पाहिजे. १८९८ मध्ये टॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले. तोपर्यंत सगळा दोष कामगारांच्या अस्वच्छतेवर टाकायची पद्धत होती. हात धूत नाहीत, नखं वाढवतात, वगैरे. लेग यांनी वर्षानुवर्षं प्रकरणं पाहून दाखवलं की खरं कारण हवेतली धूळ आणि धूर आहे. धूळ उडू दिली तर कितीही हात धुतले तरी माणूस आजारी पडणार. माळ्यावरून काढलेल्या वस्तऱ्यालाही तेच लागू आहे. आधी धूळ उडू द्यायची नाही, हात धुणं त्याच्या नंतर.

शिसं आपल्याकडं परकं नाही. खरा जुना शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. आयुर्वेदात शिशाला नाग म्हणतात. कल्हईवाला चांगला असेल तर शुद्ध कथील वापरतो, नसेल तर त्यात शिसं मिसळतो. जुन्या छापखान्यांतले खिळे शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचे असायचे. निर्णयसागरच्या सुंदर देवनागरी खिळ्यांमागे सुद्धा हाच धातू होता. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे हात लुळे पडतात हे अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं, जो स्वतः छापखानेवाला होता, १७८६ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं. त्या पत्रात त्यानं वैतागून असंही म्हटलं आहे की उपयोगाची गोष्ट कळल्यावर ती लोकांच्या वापरात यायला किती वर्षं जातात पाहा. फ्रँकलिनचा तो वैताग अजून संपलेला नाही.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आणि ती उशिरा कळली. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुलांना झटके येत, काहींची दृष्टी जाई, आणि कारण सापडत नसे. डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये दाखवलं की कारण घराच्या ओसरीवर आहे. ओसरीच्या कठड्याला पांढऱ्या शिशाचा रंग दिलेला, कडक उन्हानं त्याची पूड होते, मुलं कठड्याला धरून खेळतात, आणि तीच बोटं तोंडात घालतात. त्यांना विरोधही झाला. कायदा यायला १९२२ साल उजाडलं. कडक ऊन, ओसरी, पांढरी पूड, लहान बोटं. मला गुरुजींच्या घरी वेगळं काय दिसलं?

मूल शिसं का जास्त घेतं? मोठ्या माणसानं गिळलेल्या शिशातलं साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतं, मुलात ते निम्म्याच्या आसपास जाऊ शकतं. उपाशीपोटी, आणि शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असताना, आणखी जास्त. आपल्याकडं रक्त कमी असलेली मुलं किती आहेत हे मी रोज बघतो, त्यामुळं हे वाक्य पुस्तकातलं समजू नका. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण त्यातला बराच भाग हाडात जाऊन बसतो आणि तिथं वर्षानुवर्षं, दशकं राहतो. गरोदरपणात हाडं कॅल्शियम सोडतात तेव्हा त्याच्याबरोबर हे शिसंही बाहेर येऊन बाळापर्यंत पोचतं. मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो तो बहुतेक वेळा झटक्यांसारखा ठसठशीत नसतो. लक्ष लागत नाही, बोलायला उशीर, शाळेत मागे, चिडचिड. कुणीही म्हणेल पोरगं हूड आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून दाखवलं की बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलांतही ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धीची आणि लक्ष देण्याची चाचणी कमी येते. तेव्हापासून 'चालेल एवढं' ही रेषा खालीच सरकत आली आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं ती १९९१ मध्ये एका डेसिलीटर रक्तात १० मायक्रोग्रॅम, २०१२ मध्ये ५, आणि २०२१ मध्ये ३.५ अशी उतरवली. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही.

आपल्याकडं पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याआधीचा रंग मात्र अजून जुन्या खिडक्यादारांवर आहेच. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालात अंदाज दिला आहे की भारतात २७ कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात ५ पेक्षा वर शिसं आहे. वस्तऱ्याची पाचर यात कणभर. पण आपल्या घरातला कण आपल्या हातात असतो.

आता काम कसं करायचं ते सांगतो. आधी घाबरू नका. शिशाची पाचर असलेला वस्तरा हातात धरल्यानं किंवा भिंतीवर लावल्यानं काही होत नाही. धडधाकट कातडीतून शिसं जवळजवळ शिरत नाही. ते तोंडातून आणि श्वासातून जातं. पात्याच्या पोलादात शिसं नसतं.

पाचर शिशाची आहे का हे ओळखणं सोपं आहे. करडी, निस्तेज, चुंबकाला न चिकटणारी, हातमोजा घालून कागदावर घासली तर पेन्सिलसारखी करडी रेघ उठते. वर पांढरी पूड असेल तर जवळपास खात्रीच. ही पूड म्हणजे हवेतल्या आम्लाच्या वाफांनी आणि कार्बन डायऑक्साइडनं शिशावर तयार झालेलं क्षार. लाकडी पेटीत, प्लायच्या कपाटात आम्लाच्या बारीक वाफा असतात, म्हणून बंद पेटीत ठेवलेल्या शिशावर ती जास्त येते. गुरुजींची बुरशी चार दिवसांत परत का यायची? कारण घासून रोज नवं शिसं उघडं पडत होतं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पाचरीला हातच न लावणं. मुठीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून टाका आणि फक्त पात्याचा गंज काढा. पाचर साफ करायचीच असेल तर ओल्या फडक्यानं हलकेच पुसा, फडकं पिशवीत बंद करा, आणि वाळल्यावर उघड्या भागावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. पूड यायची थांबते. घासणं अगदी अटळ असेल तर पॉलिश पेपर नको, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घ्या आणि सतत ओला ठेवा. खाली जुना पेपर अंथरा, घासलेलं पाणी त्यावर वाळू देऊ नका, ओलं असतानाच गुंडाळून पिशवीत घाला. झाडूनं झाडू नका. ओल्या फडक्यानं पुसा, दोनदा. ड्रिल, ग्राइंडर, फिरता ब्रश हे या टोकाजवळ आणूच नका.

आपल्या घरात धातू चमकवायचा म्हटलं की हात आधी चिंच-लिंबाकडं जातो. तांब्याच्या कळशीला ते ठीक. शिशाला चिंच, लिंबू, व्हिनेगर लावलं की शिसं विरघळतं. व्हिनेगरमध्ये तयार होतं ते चक्क गोड लागतं, आणि रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून गोड पाक करायचे, तोही याचमुळं. स्वयंपाकघरातली वाटी, चमचा या कामाला घेऊ नका, घेतलीच तर परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

पाचर मोडली असेल तर जुन्या बॅटरीतलं शिसं गॅसवर वितळवून नवी ओतायची, असं कुणी सांगेल. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून ते घरी सहज जमतं, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. तापवल्यावर धूर आणि वर जमणारी राख दोन्ही घरभर जातात. नवी पाचर शिंगाची, लाकडाची किंवा पितळेची करा. तोलात दोन-चार ग्रॅमचा फरक पडेल. भिंतीवरच्या वस्तऱ्याला त्यानं काय होतं? काढलेली शिशाची पाचर झाकणाच्या डबीत घालून, चिठ्ठी लावून, घंटागाडीत वेगळी द्या. पोरांच्या खेळण्यात तर मुळीच नको.

काम करताना रबरी हातमोजे आणि चांगला एन-९५ मास्क. पोट रिकामं नको, पण कामाच्या जागी खाणं, चहा, तंबाखू, सुपारीही नको. तंबाखूचं मुद्दाम लिहितो, कारण तळहातावर मळून तोंडात टाकणं म्हणजे शेफील्डच्या कानसवाल्याचं बोट चाटणंच. संपलं की साबण-पाण्यानं हात धुवा. सॅनिटायझरनं शिसं जात नाही. कपडे वेगळे धुवा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, 'मी लांबून बघतो' म्हणणारं पोरगंही नको.

आणि त्या वस्तऱ्यानं दाढी करू नका. त्याचं कारण शिसं नाही. एचआयव्हीची भीती पसरल्यावर, नव्वदीच्या दशकात, आपल्या सलूनमधून हे एकपाती वस्तरे जाऊन अर्धं ब्लेड बदलायचे वस्तरे आले, ते योग्यच झालं. कावीळ 'ब' चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहतो. वस्तरा कितीही घासून चकाकला तरी घरात चार जणांनी वापरायची ती वस्तू नाही.

ज्यांनी आधीच कोरडं घासलं आहे त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. हाताच्या शिरेतून रक्त घेतात, नमुना बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळून आकडा खोटा वाढू शकतो, म्हणून शिरेतलंच रक्त द्या. आकडा थोडा वाढलेला असेल तर औषध नसतं. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांत ४५ च्या पुढं वापरतात, रुग्णालयात, देखरेखीखाली. 'डिटॉक्स'च्या नावानं काहीही घेऊ नका. उगम बंद करायचा, लोह-कॅल्शियम भरून काढायचं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. एवढंच.

गुरुजींचा आकडा ४.४ आला, नातवाचा ६.१. गुरुजी काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मीच केलं की हो हे." मी त्यांना सांगितलं की घराच्या जुन्या खिडक्यांचा रंगही पापुद्रे धरून निघतोय, मारुतीचा शेंदूर पोराच्या कपाळाला रोज लागतो, सगळा दोष वस्तऱ्यावर घालता येणार नाही. ते खरंही आहे. पोराचं हिमोग्लोबिनही कमी होतं, त्यावर लोहाचं औषध सुरू केलं. ओसरी तीनदा ओल्या फडक्यानं पुसून घेतली. खिडक्या खरवडू नका, त्यावरच नवा रंग द्या, असं सांगितलं. शेंदराऐवजी आता अष्टगंध लावतात.

तीन महिन्यांनी नातवाचा आकडा ४.२ झाला. वस्तरा काचेच्या पेटीत गेला आहे, पाचर तशीच आत, वर नेलपॉलिश. ते सुनेनं दिलं. पोरगं पेटीकडं बोट दाखवून विचारतं, "आबा, हे परत कधी घासायचं?" पुढची तपासणी पोळ्यानंतर ठेवली आहे.